शैवाकाचे नाव बुरशीच्या खात्यावर

शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवल यांचा जोडसंसार, हे आता शालेय पुस्तकातही असते. १७५३ च्या वर्गीकरणात मात्र साऱ्या शैवाकांची भर एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) टाकली होती. पुढे अर्धशतकाने एका स्वीडिश डॉक्टरने त्यांचे नीट गट पाडले आणि या शाखेला सुरुवात झाली.

खरी खळबळ माजली १८६७ मध्ये. शैवाकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की वर घट्ट साल दिसते, तिच्याखाली गोल हिरव्या पेशींचा थर आणि त्यांना वेढणारे बुरशीचे रंगहीन धागे. या हिरव्या पेशी म्हणजे बुरशीने कैद केलेले शैवल, असे एका स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने मांडले. शैवाके ओळखण्यात हयात घालवलेली मंडळी खवळली. त्यांचा म्होरक्या पॅरिसमध्ये होता. तो या वादात हरला, पण त्याने १८६६ मध्ये सुचवलेल्या रासायनिक चाचण्या आजही रोजच्या वापरात आहेत. शहराच्या धुराने शैवाके नाहीशी होतात, हेही त्यानेच त्या वर्षी लक्झेंबर्ग बागेच्या आधाराने सांगितले होते.

जीव दोन, तर नाव कोणाचे? १९५० मध्ये स्टॉकहोमला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ठरले की शैवाकाचे नाव त्यातल्या बुरशीचे मानायचे. शैवलाचे नाव वेगळे. कारभाराच्या दृष्टीने हे सोयीचे होते, कारण एकच शैवल अनेक शैवाकांत आढळते. पण सोय म्हणजे जीवशास्त्र नव्हे. काही बुरशी हिरव्या शैवलासोबत पानासारख्या पसरतात आणि शैवलाची जागा घेणाऱ्या नीलहरित जीवाणूंसोबत इवल्या झुडपासारख्या वाढतात. ही दोन रूपे पूर्वी वेगवेगळ्या प्रजातींत मोडत. नियमानुसार दोघांचे नाव एकच, मग डोळ्यांना दिसणारा फरक नोंदवायचा कुठे?

ही अडचण ब्रायोरियाच्या बाबतीत ठळक झाली. झाडांवर लोंबणाऱ्या या शैवाकाचे एक रूप तपकिरी, तर दुसरे पिवळसर आणि व्हल्पिनिक आम्लामुळे विषारी. दोघांतली मुख्य बुरशी आणि शैवल तीच निघाली. २०१६ मध्ये या शैवाकाच्या सालीत यीस्टसारखी दुसरी बुरशी सापडली आणि पिवळ्या रूपात तिचे प्रमाण जास्त होते. भागीदार तीन, अशी हाकाटी लगेच झाली, जरा घाईनेच. नंतर शेकडो शैवाके तपासली तेव्हा बहुतेकांत हे यीस्ट आढळले नाही.