जपानची उतरण १९७४ मध्येच सुरू झाली

जपानची लोकसंख्या घटू लागली ती २००८ नंतर, पण त्या घटीचं बी १९७४ मध्येच पडलं होतं. त्या वर्षी दर स्त्रीमागे मुलांचं प्रमाण २.१ च्या खाली गेलं ते पुन्हा वर आलंच नाही. आई-वडिलांच्या पिढीची जागा पुढच्या पिढीने पूर्ण भरायची तर साधारण एवढी मुलं लागतात. तरीही तीसहून अधिक वर्षं डोकी वाढत राहिली, म्हणून धोका उशिरा जाणवला.

स्थिर लोकसंख्या जपानला नवी नव्हती. शोगुन (देशाचा लष्करी शासक) तोकुगावा योशिमुनेने १७२१ मध्ये मोजणी करवली, तेव्हा २.६ कोटी माणसं नोंदली गेली. त्यात सामुराई घराणी नव्हती. खरा आकडा ३ कोटींच्या आसपास असावा. पुढची सव्वाशे वर्षं तो फारसा हलला नाही. दुष्काळ, शहरांतली रोगराई आणि नवजात बालकांना मारण्याची प्रथा यांनी वाढ रोखून धरली. उद्योगीकरणानंतर मात्र १९२० च्या जनगणनेत ५.६ कोटी, १९६७ मध्ये १० कोटी आणि २००८ मध्ये १२.८ कोटी!

जन्म किती ‘ठरवून’ होऊ लागले होते, हे १९६६ मध्ये दिसलं. आपल्या साठ संवत्सरांसारखंच तिथेही साठ वर्षांचं चक्र आहे. त्यातल्या अग्नि-अश्व वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला घातक ठरते, अशी समजूत. आदल्या वर्षी १८.२ लाख जन्म, त्या वर्षी १३.६ लाख, पुढच्या वर्षी १९.४ लाख!

१९७४ नंतरची वाढ टिकली ती वयोरचनेमुळे. १९४७ ते ४९ या तीन वर्षांत ८० लाख मुलं जन्मली. ती विशी-पंचविशीत आली आणि १९७३ मध्ये पुन्हा २०.९ लाख जन्म झाले. तिसरी लाट आलीच नाही. १९७३ च्या आसपासची मुलं कमावती झाली ती नेमकी मंदीत. पक्क्या नोकऱ्या आटल्या, लग्नं लांबली. लग्नाबाहेर मूल होण्याचं प्रमाण तिथे जेमतेम २ टक्के, त्यामुळे लग्न लांबलं की मूलही लांबतं, कित्येकदा राहूनच जातं.

आता भावी आयाच कमी आहेत. २०२४ मध्ये ६.८६ लाख जन्म झाले, म्हणजे मुली साधारण ३.३ लाख. या प्रत्येकीला उद्या सरासरी २.१ मुलं झाली, तरी वर्षाला जन्म ७ लाखांच्या घरातच राहतील. २०२४ मधले मृत्यू होते १६ लाख. मुलांसाठी भत्ते आणि पाळणाघरं जरूर वाढवावीत, पण हा खड्डा पुढची काही दशकं त्यांनी भरणार नाही. सरकारी संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०७० मध्ये लोकसंख्या ८.७ कोटी असेल आणि दर दहांतला एक जण परदेशी. हा अंदाज बांधताना जननदर, म्हणजे दर स्त्रीमागे मुलांचं प्रमाण, पुढे १.३६ राहील असं धरलं आहे; २०२४ चा प्रत्यक्ष दर १.१५ होता.