‘सापडला’ म्हणजे नेमके काय सापडले?

जानेवारी 2025 मध्ये पुण्यातल्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम: शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात, तो आजार) रुग्ण वाढले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू निघाला (त्याने जुलाब होतात आणि त्यामागून कधी जीबीएस येतो), नोरोव्हायरस हा पोट बिघडवणारा विषाणूही निघाला. मग विहीर, टँकर, चिकन अशी संशयाची सुई फिरत राहिली आणि ‘जिवाणू सापडला’ हे वाक्य ‘उगम सापडला’ या अर्थाने वापरले जाऊ लागले. घोळ इथेच आहे.

पीसीआर, म्हणजे नमुन्यात जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी, सांगते ती फक्त जिवाणूची प्रजात. कोंबडीच्या आतड्यात हा जिवाणू एरवीही सुखाने नांदतो. तिथे तो मिळाला यात नवल काहीच नाही. रुग्णातला आणि कोंबडीतला एकाच कुळातले आहेत का, हा प्रश्न वेगळा.

कुळ शोधण्याची सोय तशी अलीकडची. 1897 च्या प्लेगात पुण्यात घरोघरी झडत्या झाल्या, पण जंतूची वंशावळ मांडणे तेव्हा शक्यच नव्हते. 1980 च्या दशकात डीएनएचे मोठे तुकडे जेलीसारख्या थरात वेगळे करून पट्ट्यांचे नमुने जुळवता येऊ लागले. 1993 मध्ये अमेरिकेत कच्च्या राहिलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू पसरल्यावर ही पद्धत गाजली आणि 1996 मध्ये तिथल्या प्रयोगशाळा एका जाळ्यात आल्या. 1998 पासून सात जनुके वाचून जिवाणूला क्रमांक देण्याची रीत पडली. कॅम्पिलोबॅक्टरचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर, सुमारे 16 लाख अक्षरांचा; सात जनुकांच्या रीतीत त्यातली वाचली जातात जेमतेम 3,300. म्हणून एसटी-21 (एसटी म्हणजे सिक्वेन्स टाइप) सारखा क्रमांक कोंबडीतही मिळतो, गुरांतही आणि माणसांतही. क्रमांक जुळला एवढ्यावर कुणाला दोषी धरणे म्हणजे आडनाव एक म्हणून भाऊबंद ठरवणे.

संपूर्ण जीनोम वाचला तरी ‘जुळला’ कधी म्हणायचे? किती अक्षरांच्या फरकापर्यंत साथ एकच धरायची, ही रेघ जिवाणूगणिक बदलते आणि ती माणसेच ओढतात. हैतीतल्या 2010 च्या कॉलऱ्याचे नाते नेपाळशी जवळपास अक्षरशः जुळले, पण त्यासाठी नेपाळमधल्या त्याच वर्षीच्या रुग्णांचे जिवाणू जपून ठेवलेले होते. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलायने 50 हून अधिक बळी घेतले. जीनोम काही दिवसांत वाचून झाला, तरी उगमाचा माग लागला तो हॉटेलात कुणी काय खाल्ले याच्या चौकशीतून आणि मालाच्या पावत्यांतून. संशय इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांवर स्थिरावला. बियांत मात्र तो जिवाणू कधीच मिळाला नाही.

पुण्यात अडचण त्याहून आधीची. जीनोम नीट जुळवायचा तर जिवंत जिवाणू वाढवलेला लागतो, आणि कॅम्पिलोबॅक्टर नाजूक: त्याला सुमारे 5 टक्केच ऑक्सिजन आणि 42 अंश तापमान मानवते, साध्या हवेत तो तग धरत नाही. जीबीएसचा अशक्तपणा जुलाबानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी येतो. रुग्ण अतिदक्षता विभागात पोचेपर्यंत पोटातला जिवाणू बऱ्याचदा निघून गेलेला असतो. पाण्यात क्लोरीन वाढवणे तर भागच असते. त्यात पाण्यातलाही मरतो. हाती उरतो तो पीसीआरचा ‘पॉझिटिव्ह’ शेरा.