ठग की पेंढारी? नोकरी धरण्याआधी चौकशी करा

‘पेंढारी म्हणजे ते रुमालाने गळा आवळणारेच ना?’ नाही. कितीदा विचारलंत तरी नाहीच. गळा आवळणारे ते ठग. पेंढारी म्हणजे मराठी फौजेसोबत फिरणारे लुटारू घोडेस्वार. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य हिंदुस्थानात हे दोन्ही धंदे तेजीत होते. पावसाळा सरला की दोन्हींचा हंगाम सुरू व्हायचा, दोन्हींचं पोट लुटीवर चालायचं आणि पुढे दोन्ही इंग्रजांनी मोडून काढले. एवढ्या साम्यावर लोकांनी दोघांची खिचडी करून टाकली आहे. पण उद्या कुणी दोन्हीकडची नोकरी समोर ठेवली, तर शहाण्या माणसाने आधी विचारावं की पगार कोण देणार. सगळा फरक तिथेच कळतो.

ठग तुम्हाला माहीतच आहे, म्हणून भरभर सांगतो. वाटसरूंच्या तांड्यात मिसळायचं, सोबत जेवायचं, विश्वास कमवायचा, इशारा झाला की रुमाल, मग खड्डा. इथे पगार नव्हता, पण वाटणीचे नियम पक्के होते. आधी जमादाराचा, म्हणजे टोळीच्या म्होरक्याचा वाटा बाजूला, मग गळा आवळणाऱ्याला आणि खड्डा खणणाऱ्याला थोडं जास्त, उरलेलं सगळ्यांत सारखं. भत्ता म्हणून तुपोनी या ठगांच्या विधीतला गूळ. गावच्या जमीनदाराचं तोंड बंद ठेवायचा खर्च अर्थातच टोळीच्या खिशातून. एका अंगाने ही भागीदारी पेढीच होती: कामाप्रमाणे दाम आणि धंदा बापाकडून मुलाकडे.

(जाता जाता, बेहराम ठगाने 931 माणसं ‘स्वतः’ मारली हे वाक्य आता थांबवा. स्वतःच्या हाताने सव्वाशेच्या आसपास मारल्याचं त्याने कबूल केलं होतं. मोठा आकडा टोळ्यांच्या कामगिरीचा आहे. सव्वाशे काय कमी आहेत?)

आता पेंढारी. गाडी नेहमी घसरते ती इथेच.

मराठी फौजेतला बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा आणि सरकारचा पगार घ्यायचा. शिलेदार स्वतःचा घोडा आणायचा, म्हणून त्याला पगार जास्त. दोघांची नावं हजेरीपटावर. पेंढाऱ्याचा घोडा स्वतःचा, भाला स्वतःचा, जीवही स्वतःचा, आणि पटावर नाव नाही. पण छावणीत त्याची हक्काची जागा होती, आणि तो शिंदेशाही की होळकरशाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं. पानिपतावरही पेंढारी मराठी फौजेसोबत होते. ठग लपून राहायचा. पेंढारी मालकाच्या नावाने दिवसाढवळ्या मिरवायचा. आजच्या भाषेत कंत्राटी कामगार म्हणा.

या कंत्राटाच्या अटी कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम याने मध्य हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात नोंदवल्या आहेत, आणि त्या वाचून कुठल्याही एचआरवाल्याला भरून येईल. होळकरांच्या पेंढाऱ्यांना फौज आपल्या मुलखात असताना सरासरी रोज चार आणे मिळत. त्यात भागत नसे, म्हणून आपल्या तट्टांवरून आणि बैलांवरून धान्य, चारा, लाकूडफाटा वाहून पेंढारी ते छावणीतल्या पेंढारी बाजारात विकायचे. फौज शत्रूच्या मुलखात शिरण्याच्या काही दिवस आधी त्यांना मोकळं सोडायचं, आणि त्याच दिवशी चार आणे बंद! म्हणजे कामाला सुरुवात झाली की पगार थांबणार. पुढे जे काय कमवाल ते तुमचं.

पण तेही तुमचं नाहीच. मोहीम संपली, की मालकाच्या अंगात बळ असेल तर तो पेंढारी सरदारांना पकडायचा किंवा त्यांच्या तळाला वेढा घालायचा आणि लुटीतला मोठा हिस्सा ओकायला लावायचा. दिवाळी बोनस परत घेणारा मालक कुणी पाहिलाय का? पेंढाऱ्यांनी दरवर्षी पाहिला. हे होणार हे त्यांना आधीच माहीत असायचं. म्हणून मालकाला देऊनही हातात काही उरावं, यासाठी ते आणखी दुप्पट लुटायचे. क्रौर्य वाढलं त्यात या वसुलीचा मोठा हात होता. ‘रानटी टोळ्या’ म्हणून हात झटकणाऱ्यांना मला हेच सांगायचं असतं की रानटीपणाचं वार्षिक उद्दिष्ट छावणीत ठरत होतं.

करीम खानाचं उदाहरण घ्या. पेंढाऱ्यांतला बडा सरदार, स्वतःला जवळपास राजाच समजू लागलेला. त्याचे मालक दौलतराव शिंदे भेटीला आले तेव्हा त्याने सव्वा लाख रुपयांची रास रचून तिच्यावर भारी कापड घातलं, त्यावर शिंद्यांना बसवलं आणि ती गादीच नजर केली. साहेब खूश झाले. नंतर त्यांनी करीम खानालाच कैद केलं. ग्वाल्हेरच्या कैदेत वर्षं काढून, सुमारे सहा लाखांची रक्कम ठरल्यावर तो सुटला. ठगांच्या जमादाराने आपल्या माणसांशी असं केल्याचं मी वाचलेलं नाही.

इथे एक शहाणा हमखास उठतो: ‘पण ठगही कर भरायचे की!’ भरायचे. चंबळेकडच्या सिंदौस परगण्यात शिंद्यांच्या अमलाखाली ठगांच्या घरांवर कर होता. पण तो डोळे मिटून घेण्याचा मोबदला झाला. ‘उद्या अमक्याच्या मुलखात जा’ असं ठगाला कुणी सांगत नसे. पेंढाऱ्याला सांगत. निदान मालक बळकट होता तोवर. पुढे मालक लुळे पडले आणि पेंढारी स्वतःच मुलूख निवडू लागले.

हत्यारं, वेष, देवदेवता वगैरे फरक तुमचे तुम्ही वाचा. एक मात्र सांगतो. ठगाला माणूस मारावाच लागे, कारण साक्षीदार जिवंत राहिला तर धंदा बुडाला. पेंढाऱ्याला लपायचं नव्हतं, वेगाने निसटायचं होतं. म्हणून तो मारण्यापेक्षा पुरलेला पैसा कुठे आहे हे वदवून घेण्यासाठी छळ जास्त करायचा. मार्च 1816 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या गुंटूरकडच्या मुलखावर पेंढाऱ्यांची धाड पडली. त्या धाडीत 339 गावं लुटली गेली, 182 माणसं मेली, 505 जबर जखमी झाली आणि छळ झाला 3603 जणांचा. या आकड्यांवर मला विनोद सुचत नाही.

निवृत्तीनंतरचे लाभ? 1836 च्या कायद्याने ठगांच्या टोळीत नुसतं असणं हाही जन्मठेपेचा गुन्हा झाला. माफीचा साक्षीदार झालात तर जबलपूरला सरकारी निवास आणि तंबू, गालिचे विणायचं काम, सुटका नाही. पेंढाऱ्यांची इंग्रजांच्या 1817-18 च्या मोहिमेनंतर पांगापांग झाली. करीम खानाने शरणागती पत्करली आणि त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. त्याची सोय चांगली लागली. दुसरा सरदार वासिल मुहंमद शिंद्यांकडे आसऱ्याला गेला आणि पुढे कैदेत विष घेऊन मेला. तिसरा सरदार चितू असीरगडच्या बाजूच्या रानात पळाला, तिथे त्याला वाघाने खाल्लं.

आणि राजस्थानातल्या टोंकच्या नबाबीचा दाखला देऊन ‘पेंढाऱ्यांना संस्थानं मिळाली’ म्हणणाऱ्यांनो, टोंकचा नबाब झालेला अमीर खान पेंढारी नव्हता. तो पठाण सरदार होता. त्याच्याकडे पायदळ होतं, तोफा होत्या, आणि तोफा घेऊन पेंढारीपणा करता येत नाही.