फोर्साइटांनी परत आणलेला लेखक

इंग्रज कादंबरीकार आणि नाटककार जॉन गॉल्सवर्दी यांना 1932 चे साहित्याचे नोबेल मिळाले आणि दोनच महिन्यांत, जानेवारी 1933 मध्ये ते वारले. त्यांची प्रतिष्ठाही फार काळ टिकली नाही. खरे तर तिला आधीच ओहोटी लागली होती. लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी 1919 मध्येच एच. जी. वेल्स, अर्नोल्ड बेनेट आणि गॉल्सवर्दी या तिघा कादंबरीकारांना ‘जडवादी’ ठरवून निकालात काढले होते. माणसाचे मन सोडून बाहेरच्या पसाऱ्यातच हे रमतात, असा त्यांचा आक्षेप. पुढच्या समीक्षकांनी तोच गिरवला.

मग 1967 साल उजाडले, गॉल्सवर्दींच्या जन्मशताब्दीचे. निर्माते डोनाल्ड विल्सन यांनी ‘द फोर्साइट सागा’ या त्यांच्या श्रीमंत फोर्साइट कुटुंबावरच्या कादंबरीमालेची 26 भागांची कृष्णधवल मालिका बीबीसी-2 वर आणली. ही वाहिनी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची, आणि ती दिसायला नवा टीव्ही संच लागे. त्यामुळे खरा गाजावाजा झाला तो 1968 मध्ये बीबीसी-1 वर रविवारी रात्री पुनःप्रसारण सुरू झाल्यावर. शेवटचा भाग सुमारे 1 कोटी 80 लाख लोकांनी पाहिला. काही चर्चनी तर संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ बदलली. पुस्तकाच्या स्वस्त आवृत्त्या पुन्हा दुकानांत आल्या. मालिका सोव्हिएत संघातही गेली.

गंमत अशी, की टीकाकारांनी जो दोष म्हणून दाखवला, तोच पडद्यावर कामी आला. घरे, दागिने, मृत्युपत्रे, जेवणाच्या टेबलावरची कुजबुज: कॅमेऱ्याला आणखी काय हवे?

सोम्स फोर्साइटची बायको आयरीन हिचे प्रकरण मात्र वेगळे. कादंबरीत ती फक्त इतरांच्या नजरेतूनच दिसते, हे गॉल्सवर्दींनी 1922 च्या प्रस्तावनेत स्वतःच सांगितले आहे. वाचक तिच्याऐवजी सोम्सची बाजू घेतात, ही खंतही तिथेच आहे. पडद्यावर तिला चेहरा मिळाला, नायरी डॉन पोर्टर यांचा; पण एरिक पोर्टर यांनी सोम्स इतका ताकदीने उभा केला की बायकोला मालमत्ता समजणाऱ्या, तिच्यावर बळजबरी करणाऱ्या या माणसाबद्दलही लोक हळहळले. लेखकाचा जुना वाद दिवाणखान्यांत नव्याने सुरू झाला.

अर्थात परत आले ते फोर्साइट. एकांतकोठडीच्या शिक्षेवर इंग्लंडला विचार करायला लावणारे 1910 चे ‘जस्टिस’ हे गॉल्सवर्दींचे नाटक मालिकेच्या लाटेत वर आले नाही. 2002 मध्ये ग्रॅनाडा या ब्रिटिश टीव्ही कंपनीने गॉल्सवर्दींना पुन्हा हात घातला, तोही याच कुटुंबासाठी.