दातांवर उमटलेलं पाणी

घोड्याचं वय दात पाहून ठरवतात. शिंगरू असताना तो कसलं पाणी प्यायला, हेही त्याच दातांवर दिसू शकतं. पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके, आडवे तपकिरी पट्टे किंवा बारीक खड्डे असतील, तर फ्लोराइडची शंका घ्यायलाच हवी.

ग्रॅनाइटसारख्या खडकांमधून फ्लोराइड भूजलात उतरतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर त्याच्याशी संयोग पावून ते साक्याच्या रूपात खाली बसतं. कॅल्शियम कमी आणि सोडियम जास्त असेल, तर विरघळलेलंच राहतं. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाच्या पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घोडा दिवसाला सहज 30 लिटर पाणी पितो. लिटरमागे 8 मिलिग्रॅम धरलं, तर रोज 240 मिलिग्रॅम पोटात जातं. चाऱ्यातून येतं ते वेगळंच.

एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, घडवणाऱ्या पेशींचं काम दात जबड्याच्या आत असतानाच उरकतं, आणि फ्लोराइड घाव घालतं ते त्याच काळात. घोड्याचे पुढचे कायमचे दात साधारण अडीच ते साडेचार वर्षांदरम्यान बाहेर येतात, म्हणजे खरा धोका त्याआधीच्या वर्षांत. कच्चं एनॅमल भराभर झिजतं, दाढा वेड्यावाकड्या होतात आणि वैरण नीट चावली जात नाही. वयात आल्यावर या पाण्यावर आलेल्या घोड्याचे दात मात्र स्वच्छच राहतात. त्यावरून निर्धास्त होऊ नये, कारण हाडं कुठल्याच वयात सुटत नाहीत.

शोषलेल्या फ्लोराइडचा बराचसा भाग लघवीवाटे जातो, उरलेला हाडांत साठतो. पायांच्या नळीवर, बरगड्यांवर, खालच्या जबड्यावर खडबडीत उंचवटे येतात. हात फिरवला की लागतात. घोडा आज एका पायाने लंगडतो, काही दिवसांनी दुसऱ्याने. दोष आधी नालेला दिला जातो, मग खुराला, मग सांध्याला. पाण्याची तपासणी सगळ्यात शेवटी होते, आणि तोवर मुक्या जनावराचे कित्येक महिने वेदनेत जातात. माझ्या मते ती पहिल्याच आठवड्यात व्हावी. जोडीला लघवीतलं फ्लोराइड मोजावं आणि पायांचे एक्स-रे काढावेत.

पाणी उकळून काही साधत नाही. वाफ उडते, फ्लोराइड मागे राहतं. फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या सक्रिय अ‍ॅल्युमिना किंवा रिव्हर्स ऑस्मोसिसने (आरओ गाळणीने) ते काढता येतं, पण दुसरा स्वच्छ स्रोत मिळाला तर उत्तम. पाणी बदलल्यावर हाडांतला साठा हळूहळू सुटत राहतो, त्यामुळे लघवीतलं प्रमाण पुढे बराच काळ चढंच दिसतं.