पट्ट्याने पिशवी आकसत नाही

बाळंतीण घरी आली की कोकणात पहिली शोधाशोध होते ती जुन्या मऊ लुगड्याची. त्याचा पट्टा फाडून पोट करकचून आवळायचं, म्हणजे पिशवी, म्हणजे गर्भाशय, जाग्यावर येते आणि रिकाम्या पोटात वारा शिरत नाही, असा समज. हल्ली लुगड्याऐवजी ऑनलाइन मागवलेला वेल्क्रोचा पट्टा येतो आणि 'वाऱ्या'ऐवजी 'शेप'ची भाषा येते. समज तोच. सिझेरियननंतर उठता-बसताना किंवा खोकताना टाक्यांना आधार म्हणून पट्टा बरा वाटतो, तेवढ्यापुरता खुशाल बांधावा. गर्भाशय मात्र स्वतःच्या स्नायूंच्या जोरावर आकसतं. ते नीट आकसलं नाही तर काही तासांत बाई दगावू शकते, म्हणून ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे.

दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाला मिनिटाला 500 ते 700 मिलिलिटर रक्त पुरवलं जातं. अंगात एकूण रक्त साधारण सहा लिटर, म्हणजे नऊ ते बारा मिनिटांत अंगभर रक्ताइतकं रक्त तिथून जातं. वार (गर्भात बाळाला पोसणारा अवयव) पडली की ती जिथे चिकटलेली होती तिथे तळहाताएवढी जखम उघडी राहते आणि तिच्यात शंभरेक धमन्यांची तोंडं असतात. बोट कापलं तर रक्तवाहिनी आधी स्वतः आवळते आणि मग रक्त गोठतं. इथे ती सोय नसते. त्याचं कारण गर्भारपणाच्या पहिल्या सहामाहीतच घडलेलं असतं. वारेच्या पेशी आईच्या या मळसूत्री धमन्यांत शिरतात आणि त्यांच्या भिंतीतला स्नायूंचा थर जवळजवळ मोडून काढतात. धमनीची सैल, रुंद नळी होते. मग आई घाबरली, दमली, तिच्या अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळलं तरी नळी आवळत नाही आणि बाळाचा पुरवठा तुटत नाही. बाळाच्या दृष्टीने झकास व्यवस्था. पण वार सुटल्यावर याच नळ्यांना स्वतःहून मिटता येत नाही.

त्यांना मिटवतात आजूबाजूचे स्नायू. गर्भाशयाच्या भिंतीच्या मधल्या थरातले तंतू एका दिशेने जात नाहीत. ते तिरके, एकमेकांत गुंतलेले, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे धमन्यांभोवती फिरलेले असतात. तंतू आखडले की प्रत्येक फासा आवळला जातो आणि मधली धमनी चिमटली जाते. या स्नायूंची आणखी एक खुबी आहे. दंडाचा स्नायू आखडून सैल झाला की मूळ लांबीवर येतो. गर्भाशयाचा स्नायू प्रत्येक कळेनंतर थोडा आखूडच राहतो, त्यामुळे कळ ओसरली तरी फासा सुटत नाही. रक्ताच्या गुठळ्या नंतर तोंडं बंद करतात, पण पहिला बांध स्नायूंचाच.

या आखडण्याला हुकूम मिळतो तो ऑक्सिटोसिन या हार्मोनचा. हेन्री डेल यांनी 1906 साली मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आखडतं हे दाखवलं. व्हिन्सेंट द्यु विग्नो यांनी त्यातला ऑक्सिटोसिनचा नऊ अमिनो आम्लांचा रेणू उलगडून प्रयोगशाळेत बनवला आणि 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. त्याला 'प्रेमाचं हार्मोन' म्हणून मिरवणाऱ्या पोस्ट रोज फिरतात. बाळ जन्मताच आईला 10 युनिटचं इंजेक्शन देतात आणि त्याने जीव वाचतात, हे त्या पोस्टमध्ये सहसा नसतं. हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. ऐन पावसात वीज दोन-दोन दिवस गायब असते अशा गावांत आरोग्य केंद्राचा फ्रिज चालू राहणं त्यामुळे किती मोलाचं, हे वेगळं सांगायला नको.

रक्तात ऑक्सिटोसिन काही मिनिटंच टिकतं, पण बाळ अंगावर प्यायलं की आईचं शरीर ते पुन्हा सोडतं. दूध पाजताना ओटीपोटात कळ येते आणि अंगावरून थोडं जास्त जातं, त्याचं कारण हेच. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात या कळा जास्त दुखतात आणि दोन-तीन दिवसांत ओसरतात. सोसत बसायची गरज नाही. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन दूध पाजतानाही चालतं, फक्त आम्लपित्त, दमा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन विचारून घ्यावं.

गर्भाशयाच्या या आकसण्यात सगळ्यात सामान्य अडथळा येतो तो भरलेल्या मूत्राशयाचा. ते गर्भाशयाला वर आणि बहुधा उजवीकडे ढकलतं, मग स्नायूंना नीट आखडता येत नाही. म्हणून बाळंतपणानंतर सहा तासांच्या आत लघवी झालीच पाहिजे आणि पुढेही तीन-चार तासांनी, इच्छा नसली तरी, जाऊन यावं. टाके चुरचुरतात म्हणून बायका टाळतात. त्यावर उपाय म्हणजे लघवी करतानाच तांब्याने कोमट पाणी सोडायचं. बेंबीच्या आसपास हात दाबला की गर्भाशय सोललेल्या नारळासारखं टणक लागायला हवं. मऊ, पसरट लागलं आणि रक्त वाहत असेल तर तिथे गोल चोळायचं, लघवी करवायची, बाळाला छातीशी लावायचं आणि त्याच वेळी 108 ला फोन करायचा. 'आधी चोळून बघू, मग फोन' असं नको.

पुढे गर्भाशय रोज बोटभर खाली उतरतं आणि दोन आठवड्यांत ओटीपोटात दिसेनासं होतं. प्रसूतीनंतर त्याचं वजन किलोभर असतं, आठवड्याने अर्धा किलो, सहा आठवड्यांनी शंभर ग्रॅमच्या आत. पेशींची संख्या फारशी घटत नाही. गर्भारपणात फुगलेली प्रत्येक पेशी आपलीच प्रथिनं मोडते आणि लहान होते. अंगावरून जाणं तीन-चार दिवस लाल, दहाव्या दिवसापर्यंत गुलाबी-तपकिरी, मग पिवळट-पांढरं असतं. तासाभरात पॅड चिंब होणं, लिंबापेक्षा मोठ्या गाठी, घाण वास, 100.4 फॅरनहाइट किंवा वर ताप, एकाच पोटरीत दुखरी सूज, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काहीही झालं तर लगेच दवाखाना.

बाळंतिणीचं पिण्याचं पाणी तोडण्याची चाल घातक आहे. पहिल्या आठवड्यात गर्भारपणी साठलेलं पाणी लघवी-घामावाटे निघतं, त्यात दूध आणि कोकणातली दमट हवा. शिवाय या दिवसांत रक्त लवकर गोठतं, म्हणून पाण्याविना बाजेवर पडून राहणं म्हणजे पायात गुठळीला आमंत्रण. तहानेप्रमाणे पाणी प्यावं, उकड्या तांदळाची पेज मीठ घालून घ्यावी, पहिल्या दिवसापासून घरात फिरावं. बंद खोलीत कोळशाची शेगडी नकोच. तिच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि धोका बाळ-बाळंतिणीला दोघांनाही. टाक्यांना धुरी देऊन जखम सुकत नाही, भाजते मात्र. अळीव, नाचणी, कुळीथ उत्तम, तरी लोहाची गोळी 180 दिवस हवीच, आणि ती चहाबरोबर नव्हे. दूध वाढावं म्हणून मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं, कालवण देतात, पण मोठ्या मोरीत पारा साठतो. त्यापेक्षा बांगडे, पेडवे बरे.

पट्ट्याचं खरं नुकसान वेगळंच आहे. पोट आवळलं की आतला दाब खाली उतरतो, नेमका गर्भाशय-मूत्राशयाला खालून तोलणाऱ्या, ताणून सैल पडलेल्या ओटीतळाच्या स्नायूंवर. पुढे अंग बाहेर येण्याला, म्हणजे गर्भाशय खाली घसरण्याला, हा दाब हातभार लावू शकतो. त्या स्नायूंना लागतो व्यायाम. लघवी आणि वारा रोखून धरल्यासारखे आत-वर ओढायचे, सुरुवातीला तीन-चार सेकंद, पुढे दहापर्यंत, मग तेवढाच वेळ सोडायचे. एका वेळी दहा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, मांड्या आवळायच्या नाहीत आणि लघवी करताना मध्येच थांबवून सराव करायचा नाही. तीन महिने नेमाने केल्यावर फरक कळतो. तोवर विहिरीवरून भरलेली कळशी आणि लावणीचं वाकणं, बाळंतपण जूनमध्ये झालं असलं तरी, घरातल्या दुसऱ्यांनी करायचं.