पेन ड्राइव्हमध्ये अडकलेली वरात

मामेबहिणीच्या लग्नाला तीन महिने होऊन गेल्यावर शूटिंगचा पेन ड्राइव्ह घरी आला. रविवारी जेवणं आटोपून सगळे हॉलमध्ये जमले, आजीची खुर्ची पुढे ओढली. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला, पडद्यावर फाइलचं नाव दिसलं, ओके दाबलं आणि ‘ही फाइल चालवता येत नाही’ अशी सूचना आली. मग कुणीतरी लॅपटॉप आणला. त्यावर तीच फाइल झकास चालली, पण तेवढ्याशा पडद्यासमोर सोळा माणसं कशी मावणार? आजी मागे बसून नुसता आवाज ऐकत राहिली.

शूटिंग फार सुंदर झालं होतं. म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं. संध्याकाळी मी फाइल तपासली: एच.२६५ पद्धतीने दाबलेली, १०-बिट, ४:२:२ रंग, सेकंदाला ५० मेगाबिट, दोन तासांची एकच फाइल, सुमारे ४५ जीबी. आणि घरातला टीव्ही २०१४ साली घेतलेला. हे आकडे वाचता आले की त्या दुपारी काय बिनसलं ते कळतं.

फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या, निळ्या रंगासाठी एकेक बाइट धरा आणि सेकंदाला २५ चित्रं. सेकंदाचा हिशोब होतो १५५ एमबी, तासाचा ५६० जीबी. दोन तासांचं लग्न असं जसंच्या तसं ठेवायचं तर हजार जीबीचीही हार्ड डिस्क पुरणार नाही. तेव्हा आपण पाहतो तो प्रत्येक व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो. आठ बिट म्हणजे एक बाइट, या हिशोबाने सेकंदाला १२ मेगाबिटचा चांगला एचडी व्हिडिओ म्हणजे मूळ माहितीचा जेमतेम शंभरावा भाग.

उरलेले नव्व्याण्णव भाग कुठे जातात? थोडे आपल्या डोळ्यांच्या स्वभावामुळे वाचतात. डोळ्याला उजेडातला फरक बारकाईने कळतो, रंगातला तेवढा नाही. म्हणून चार शेजारी ठिपक्यांचा उजेड वेगवेगळा लिहितात आणि रंग चौघांत मिळून एकच. याला ४:२:० म्हणतात, आणि एवढ्यानेच निम्मी माहिती वाचते. (आमच्या फाइलीतल्या ४:२:२ मध्ये रंग दोघांत मिळून एक असतो.)

मोठी बचत मात्र काळात होते. मंगलाष्टकं चालू असताना मांडवाची फुलं, मागचा पडदा, भटजींची चौरंगाजवळची जागा, काहीच हलत नाही. मग दर वेळी अख्खं चित्र कशाला लिहायचं? एक चित्र पूर्ण लिहायचं आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं, कोणता तुकडा किती सरकला तेवढं नोंदवायचं. पण शेवटचं ‘शुभमंगल सावधान’ होतं आणि चहूबाजूंनी अक्षता उडतात. शेकडो दाणे, प्रत्येकाची वाट वेगळी, मागच्या चित्रात त्यांचा मागमूस नाही. दाबणाऱ्या प्रोग्रॅमची खरी कसोटी इथे लागते. त्याला पुरेसे बिट दिले नसतील तर ऐन अंतरपाट दूर होताना चित्राचे चौकोन चौकोन दिसू लागतात. म्हणून मिक्सिंग करणाऱ्याने सगळ्या लग्नाला सारखाच बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला तेवढेच बिट, न देता शांत प्रसंगांत तो कमी आणि गडबडीच्या प्रसंगांत जास्त असा बदलता ठेवावा. तशी सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते.

प्रत्येक चित्राच्या आतही दाबणं चालतं. चित्राचे लहान चौकोन पाडून त्यातले ठिपके लहरींच्या बेरजेत मांडायचे आणि डोळ्याला न जाणवणाऱ्या बारीक लहरी गाळून टाकायच्या. ही युक्ती, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, बंगळूरमध्ये जन्मलेल्या नासिर अहमद यांना सुचली. अमेरिकेत कॅन्सस राज्य विद्यापीठात असताना, १९७२ साली, त्यांनी तिच्यासाठी निधी मागितला आणि तो नाकारला गेला. कल्पना फारच साधी आहे, असा शेरा होता. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला. आज फोनवरचा साधा जेपीजी फोटोही त्याच युक्तीवर उभा आहे. आपल्याकडच्या शाळकरी मुलांना हे नाव माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता टीव्हीकडे येऊ. फाइलच्या नावापुढचं ‘एमपी४’ हा नुसता डबा. डबा बघून आतली भाजी कळत नाही. आत एच.२६४ पद्धतीने दाबलेलं चित्र असेल, एच.२६५ ने दाबलेलं असेल, आवाजाचे तर आणखी प्रकार. लॅपटॉपला अनोळखी प्रकार आला तरी त्याचा प्रोसेसर सॉफ्टवेअरच्या आधाराने तो उलगडू शकतो. टीव्हीत या कामासाठी चिपवर कायमचं कोरलेलं सर्किट असतं. ते ठरलेल्या प्रकारांतच चालतं, बाकीच्यांपुढे थांबतं. एच.२६४ हे मानक २००३ चं, एच.२६५ हे २०१३ चं. आमच्या टीव्हीत दुसऱ्यासाठी सर्किटच नव्हतं.

बरं, नुसतं एच.२६४ असून भागत नाही. बहुतेक टीव्हींमधलं एच.२६४ चं सर्किट ८-बिट आणि ४:२:० एवढ्यासाठीच बनवलेलं असतं. बरेच कॅमेरे १०-बिटमध्ये, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी १,०२४ छटांत चित्रण करतात. शालूच्या जरीवर किंवा हळदीने पिवळ्या झालेल्या गालांवर रंग सुधारताना त्या जादा छटा फार उपयोगी पडतात. पण ते काम संपल्यावर घरी पाठवायच्या प्रतीत त्यांची गरज उरत नाही. मिक्सिंगवाल्याकडच्या मूळ प्रतीत त्या जपून ठेवाव्यात.

डीव्हीडीच्या काळात हा प्रश्न का नव्हता? १९९६ साली जपानमध्ये बाजारात आलेली डीव्हीडी म्हणजे एक करार होता. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत चित्र ७२० गुणिले ५७६, दाबण्याची पद्धत एमपेग-२, बिटरेटची कमाल मर्यादा, सगळं आधीच ठरलेलं. डिस्क बनवणारा आणि प्लेअर बनवणारा दोघेही ते पाळायचे. चित्रात एचडीच्या पाचव्या हिश्श्याएवढेच ठिपके, पण ती कोकणातल्या घरी लावा नाहीतर कुवेतमधल्या भावाला पाठवा, लागायची. २००६ पासून ब्लू-रेने एचडीसाठी तसाच करार केला, मात्र ते प्लेअर आपल्याकडे घरोघरी पोहोचले नाहीत. त्यांच्याऐवजी पेन ड्राइव्ह आला. पेन ड्राइव्हचा कुणाशी करार नाही, तो ठेवाल ते ठेवून घेतो. त्यामुळे कोणत्या घरी काय चालेल याचा विचार व्हिडिओ देणाऱ्यालाच करावा लागतो.

माझ्या मते आजही सगळ्यात भरवशाचा प्रकार म्हणजे एमपी४ च्या डब्यात एच.२६४, ८-बिट, ४:२:०, सेकंदाला २५ चित्रं, हाय प्रोफाइल, लेव्हल ४.१, आणि आवाज एएसी पद्धतीने दाबलेला, स्टीरिओ. प्रोफाइल म्हणजे दाबण्याच्या कोणत्या युक्त्या वापरायच्या आणि लेव्हल म्हणजे उलगडणाऱ्या चिपवर किती भार टाकायचा, याची ठरलेली पायरी. ब्लू-रेनेही एच.२६४ साठी हीच लेव्हल मर्यादा म्हणून धरली होती, त्यामुळे एचडी टीव्हींच्या चिप बनवताना ती नजरेसमोर असायची. सेकंदाला ५० चित्रांचा फुल एचडी व्हिडिओ या लेव्हलमध्ये बसत नाही, त्याचा मोह टाळावा.

मग ४ जीबीची भिंत येते. जुन्या टीव्हींना फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह हमखास वाचता येतो, एक्सफॅट या नव्या पद्धतीचा वाचता येईलच असं नाही. आणि फॅट३२ मध्ये फाइलचा आकार लिहायला फक्त ३२ बिट राखलेले आहेत. फॉर्मवर वयासाठी दोनच चौकोन असले तर १०० कुठे लिहिणार? तसंच हे. सगळ्यात मोठा मावणारा आकडा ४,२९,४९,६७,२९५, तेवढे बाइट झाले की फाइल संपली. १२ मेगाबिटचा व्हिडिओ सुमारे ४७ मिनिटांत तिथे पोहोचतो.

त्यावर उपाय आपल्याच लग्नात तयार आहे. साखरपुडा, हळद, लग्न, वरात. चार प्रसंग, चार फाइली. प्रेक्षकांनाही बरं पडतं, कारण ज्यांना फक्त वरात बघायची असते त्यांना दीड तास पुढे पळवत बसावं लागत नाही.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. एमपी४ फाइलमध्ये एक अनुक्रमणिका असते, कोणतं चित्र फाइलमध्ये कुठे आहे हे सांगणारी, आणि पुष्कळदा ती शेवटी असते. कॉपी पूर्ण होण्याआधी पेन ड्राइव्ह उपटला तर सगळी चित्रं असूनही फाइल उघडत नाही. म्हणून ड्राइव्ह रीतसर ‘इजेक्ट’ करावा आणि हातात देण्यापूर्वी दुकानातल्या जुन्यात जुन्या टीव्हीवर लावून बघावा.

आमची फाइल मी रात्रभर लॅपटॉपवर नव्याने काढली. चार भाग मिळून जवळपास ११ जीबी, १६ जीबीच्या ड्राइव्हवर आरामात बसले. काही टीव्हींवर देवनागरी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येतात, म्हणून नावांत फक्त आकडे ठेवले, १ ते ४. पुढच्या रविवारी आजीच्या हातात रिमोट दिला. तिने ४ नंबर लावला, वरात.